स्टेशनाच्या माथ्यावरची घरे

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत परतताना आजी मला पोचवायला मुंबईपर्यंत आली होती. पंजाब मेलला अजून अवकाश होता. म्हणून आम्ही दोघे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या फुटपाथवर उभे राहून ती इमारत पाहत होतो. आजी बराच वेळ मान वर करून बघत राहिली आणि मग म्हणाली, "खाली गाड्या, ते कळलं. पण एवढ्या मोठ्या वाड्यात वर कोण राहतं रे?"

मी म्हणालो, "कोणी राहत नाही, आजी. रेल्वेची ऑफिसं आहेत."

"मग संध्याकाळी दिवा कोण लावतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पण आजीने हे का विचारले ते मला ठाऊक होते. सातारा जिल्ह्यात आमचा सात खणी वाडा आहे. बाबा फौजेत असल्यामुळे आम्ही कायम क्वार्टरमध्ये राहतो, काका पुण्याला असतात आणि वाड्यात आजी एकटीच असते. तो पाडून तिथे आरसीसीचे दोन मजली घर बांधावे, असे काकांचे मत आहे. आजी म्हणते, "भिंती धड आहेत. माणसं नाहीत, एवढंच."

शाळेत आल्यावर मी ग्रंथालयातल्या सरांना विचारले, "सर, जुन्या स्टेशनाच्या इमारतीत लोक राहतात असं जगात कुठं आहे का?" सरांनी रेल्वेच्या वास्तुकलेवरचे एक जाड पुस्तक माझ्यापुढे ठेवले आणि लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाचे पान उघडून दिले. त्या स्टेशनाच्या दर्शनी इमारतीत आज ६७ घरे आहेत. विशेष म्हणजे ही इमारत आपल्या मुंबईच्या स्टेशनाची थोरली नातेवाईक आहे. तिचा अभ्यास करताना जे शिकलो, ते या लेखात मांडतो आहे.

नाते कसे?

मुंबईच्या स्टेशनाचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी केला. काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८८ मध्ये पूर्ण झाले. आराखडा पक्का करण्यापूर्वी स्टीव्हन्स युरोपातली स्टेशने पाहून आले होते. सेंट पँक्रसची इमारत तेव्हा नवीकोरी होती. दोन्ही ठिकाणी टोकदार कमानी, उतरती छपरे, मनोरे आणि कोरीव दगड दिसतो. या पद्धतीला गॉथिक म्हणतात. युरोपातल्या मध्ययुगीन चर्चची ही पद्धत एकोणिसाव्या शतकात पुन्हा वापरात आली होती.

पण मुंबईचे स्टेशन म्हणजे लंडनची नक्कल नव्हे. आपल्याकडे मधोमध घुमट आहे, आणि कोरीव कामातली पाने, फुले, प्राणी, पक्षी घडवण्यात मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता.

दुसरा धागा आणखी सरळ आहे. सेंट पँक्रसची दर्शनी इमारत ज्यांनी योजली, त्याच जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आणि शेजारचे दीक्षान्त सभागृह यांचेही आराखडे केले. ते स्वतः भारतात कधीच आले नाहीत, आराखडे लंडनहून आले. सेंट पँक्रसचा घड्याळाचा मनोरा सुमारे ८२ मीटर उंच आहे आणि राजाबाई मनोरा सुमारे ८५ मीटर. म्हणजे ज्याने मुंबईचा मनोरा पाहिला आहे, त्याला लंडनच्या मनोऱ्याची उंची वेगळी समजावून सांगायला नको.

आधी छप्पर

सेंट पँक्रस म्हणजे खरे तर दोन इमारती आहेत. मागे गाड्यांची शेड, पुढे हॉटेल. शेडचे श्रेय इंजिनिअर विल्यम हेन्री बार्लो यांचे. मिडलँड रेल्वे या कंपनीला लंडनमध्ये स्वतःचे स्टेशन नव्हते, शेजारच्या किंग्ज क्रॉसवर दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून यावे लागे. म्हणून त्यांनी स्वतःचा मार्ग टाकला आणि १८६८ मध्ये सेंट पँक्रस सुरू झाले.

वाटेत रीजंट्स कालवा आडवा होता. किंग्ज क्रॉसचे रूळ कालव्याच्या खालून जातात. बार्लो यांनी आपले रूळ कालव्याच्या वरून नेले. त्यामुळे स्टेशनात पोचेपर्यंत रूळ रस्त्यापेक्षा सुमारे ५ ते ६ मीटर उंचच राहिले. म्हणजे फलाटाखाली एक आख्खा मजला फुकट मिळाला!

त्या जागेचे करायचे काय? मिडलँड रेल्वे बर्टन गावाहून बिअरची पिंपे आणत असे (हा शब्द सरांनी लेखात राहू दिला). बार्लो यांनी तळमजला पिंपांचे कोठार केला आणि फलाट पेलणारे लोखंडी खांब किती अंतरावर ठेवायचे, ते पिंपाच्या मापावरून ठरवले. पिंपे नीट बसावीत आणि मधे जागा वाया जाऊ नये, हा हिशोब.

हे वाचताना मला आमचा वाडा आठवला. आपल्याकडे घर फुटात सांगत नाहीत, खणात सांगतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि खण ठरतो तो तुळईला मिळणाऱ्या लाकडाच्या लांबीवरून. बार्लो यांचा खण पिंपाचा होता, आमच्या पणजोबांचा सागाचा.

आता छप्पर. शेडची रुंदी २४० फूट, म्हणजे सुमारे ७३ मीटर, आणि ही रुंदी एकाच कमानीने झाकली आहे. मधे एकही खांब नाही. उंची सुमारे १०० फूट आणि लांबी ६८९ फूट, म्हणजे सुमारे २१० मीटर. हॉकीचे मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. अशी दोन मैदाने एकापुढे एक त्या छपराखाली मावतील आणि कडेला प्रेक्षकही उभे राहतील. बांधले गेले तेव्हा एकाच कमानीने झाकलेली एवढी मोठी जागा जगात दुसरी नव्हती.

मधे खांब का नको होते? एक तर खांबांचा भार पेलायला तळमजल्यात जाड पाये घालावे लागले असते आणि कोठाराची जागा गेली असती. दुसरे म्हणजे, खांब नसले की रूळ आणि फलाट पुढे हवे तसे सरकवता येतात. हे दुसरे कारण लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत त्याचा उपयोग आहे.

करून पाहा

कार्डशीटची ४५ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. ती वाकवून टेबलावर कमानीसारखी उभी करा आणि वरून बोटाने दाबा. कमानीचे दोन्ही पाय बाहेर सरकतील. आता दोन्ही पायांना भोके पाडून मधे ताणून दोरा बांधा आणि पुन्हा दाबा. पाय सरकणार नाहीत, कारण दोरा त्यांना आत ओढून धरतो.

पूर्वीच्या बऱ्याच स्टेशनांत हा "दोरा" म्हणजे लोखंडी सळ्या असत आणि त्या छपराखाली हवेत आडव्या दिसत. बार्लो यांची युक्ती अशी की त्यांनी दोरा जमिनीत नेला. कमानीचे पाय फलाटाच्या पातळीवर टेकतात, आणि फलाट पेलणाऱ्या तुळयाच दोन्ही पाय धरून ठेवतात. म्हणून वर पाहिले तर आडवे काही नाही, नुसते आकाशासारखे छप्पर. एकच वस्तू दोन कामे करते. फौजेत पोंचोचे जे, तेच इथे फलाटाचे: अंगावर घातला तर रेनकोट, ताणून बांधला तर तंबू.

मग हॉटेल

शेडपुढे रस्त्याच्या बाजूला कंपनीने मोठे हॉटेल बांधायचे ठरवले. त्यासाठी स्पर्धा झाली आणि तीत स्कॉट यांचा आराखडा निवडला गेला. १८७३ मध्ये मिडलँड ग्रँड हॉटेल उघडले आणि १८७६ मध्ये पूर्ण झाले. लाल विटा, फिकट दगडाच्या पट्ट्या, शेकडो खिडक्या आणि आत तीन मजले चढत जाणारा जिना. त्या जिन्याच्या वरच्या छतावर तारे रंगवलेले आहेत. सुमारे ३०० खोल्या होत्या. पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्टही होती.

पण एक उणीव होती. प्रत्येक खोलीला न्हाणीघर नव्हते. सगळ्या हॉटेलात मिळून न्हाणीघरे मोजकीच होती. गरम पाणी, कोळसा आणि शौचाची भांडी नोकर वरखाली नेत असत. त्या काळी हे चालले. पुढे नवी हॉटेले खोलीतच नळ देऊ लागली. आगीपासून बचाव व्हावा म्हणून स्कॉट यांच्या इमारतीत जमिनी काँक्रीटच्या होत्या. त्या फोडून नळ घालणे फार खर्चाचे झाले असते. ज्या काँक्रीटने इमारत सुरक्षित केली, त्यानेच तिला काळाबरोबर बदलू दिले नाही. शेवटी १९३५ मध्ये हॉटेल बंद पडले आणि तिथे रेल्वेची ऑफिसे आली. १९८० च्या दशकात आगीच्या सुरक्षेचे नवे नियम पाळता न आल्याने तीही गेली. इमारत रिकामी झाली.

पाडायचे ठरते तेव्हा

त्याआधीच एक मोठे संकट येऊन गेले होते. सेंट पँक्रसपासून त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर यूस्टन स्टेशन आहे. तिथली प्रचंड दगडी कमान विरोध न जुमानता १९६१-६२ मध्ये पाडण्यात आली. काही वर्षांनी सेंट पँक्रसवरही तीच वेळ येऊ घातली. तेव्हा कवी जॉन बेचमन, वास्तुकलेचे अभ्यासक निकोलस पेव्ह्सनर आणि त्यांचे सहकारी उभे राहिले. १९६७ मध्ये इमारतीला तिथल्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीचे स्थान मिळाले आणि हातोडा थांबला. आज बेचमन यांचा पुतळा स्टेशनात आहे. एका हाताने डोक्यावरची टोपी सावरत ते छताकडे बघत उभे आहेत, अगदी आजीसारखे.

मला मात्र त्यांच्याइतकीच दुसऱ्या एका माणसाची गोष्ट आवडली. शेडमधले मोठे घड्याळ १९७० च्या दशकात विकले गेले आणि उतरवताना पडून त्याचे तुकडे झाले. रेल्वेच्या एका गार्डने ते तुकडे २५ पौंडांना विकत घेतले, गावी नेले आणि आपल्या कोठाराच्या भिंतीवर घड्याळ पुन्हा जोडून चालू केले. स्टेशन नव्याने सजवताना शेडसाठी नवे घड्याळ बनवायचे ठरले, तेव्हा याच जुन्या घड्याळाचा नमुना उपयोगी पडला. कवीने इमारत वाचवली, आणि गार्डने तिची वेळ.

घरे कशी झाली?

यादीत नाव आले म्हणून इमारत पाडता येत नाही. पण नुसत्या नावाने छपराची गळतीही थांबत नाही. १९६७ नंतर ४० वर्षे हाच प्रश्न होता, की हिचा उपयोग काय?

उत्तर दोन टप्प्यांत आले. आधी शेड. पॅरिस आणि ब्रसेल्सला जाणाऱ्या गाड्या इथे आणायचे ठरले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये स्टेशन नव्याने उघडले. मधे खांब नसल्याने फलाट आणि रूळ नव्याने आखता आले. पिंपांचे कोठार प्रवाशांचे दालन झाले. तिथे उजेड यावा म्हणून फलाटाच्या जमिनीत मोठे चौक कापले. वरचा प्रयोग केलेल्यांनी इथे थांबून विचार करावा. जमीन म्हणजे दोरा! तो तुटला तर कमानीचे पाय सरकतील. म्हणून कापताना ताण धरणारा भाग सांभाळावाच लागतो.

मग हॉटेलची इमारत. २०११ मध्ये तिच्या खालच्या भागात पुन्हा हॉटेल सुरू झाले. दर्शनी दालने आणि तो जिना पूर्वीसारखा रंगवला. हॉटेलच्या बहुतेक खोल्या मात्र जुन्या भिंती न फोडता शेजारी जोडलेल्या नव्या भागात घेतल्या. जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर ती ६७ घरे झाली.

या घरांची रचना साध्या फ्लॅटसारखी नाही. जुन्या भिंती आणि खिडक्या जागच्या हलवता येत नाहीत. म्हणून आधी घर आखून मग त्याला खिडकी द्यायची, असे न करता, खिडकी जिथे आहे तिथे घर बसवावे लागले. त्यामुळे एक घर दुसऱ्यासारखे नाही. खोली फार उंच असेल तिथे अर्धा मजला घालून वर झोपायची जागा केली. छपराखाली जुन्या कैच्या खोलीतच दिसतात. एक घर तर घड्याळाच्या मनोऱ्यात आहे. गंमत अशी की जुन्या हॉटेलात जितके वर जावे तितके जिने जास्त आणि मान कमी, अगदी वर नोकर झोपत. आज लिफ्ट आल्यावर त्याच उंचीला भाव आला आहे.

एक शंका

हा विषय मी आमच्या हाउसमध्ये पाच मिनिटांच्या भाषणात मांडला, तेव्हा सहावीतल्या एका कॅडेटने हात वर केला. "सर, वरची घरं श्रीमंतांनी घेतली. मग इमारत वाचवली कोणासाठी?" (आमच्याकडे ज्युनिअर सिनिअरलाही सर म्हणतात.) त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आता देतो.

त्याची शंका बरोबर आहे. लंडनच्या मधोमध अशा घरांच्या किमती साध्या माणसाला परवडत नाहीत. रेल्वेच्या पैशाने, मजुरांच्या हातांनी उभ्या राहिलेल्या इमारतीचे काही दरवाजे आता फक्त किल्लीवाल्यांना उघडतात. पण त्या घरांच्या विक्रीतून डागडुजीच्या खर्चाला हातभार लागला. आणि खालचे स्टेशन, ते छप्पर, घड्याळ, पुतळा हे सगळे आजही कोणालाही पाहता येते. मला वाटते, नियम असा असावा की सार्वजनिक इमारतीचे वरचे मजले हवे तर कोणाला द्या, पण तिचा तळमजला सगळ्यांचा राहू द्या. सेंट पँक्रसमध्ये तो राहिला आहे. जिथे राहणार नाही, तिथे इमारत वाचली असे मी म्हणणार नाही.

कॅडेटसाठी काम

१. आपल्या बॅरेकमधल्या दोन खांबांमधले अंतर मोजा. ते माप कशावरून ठरले असेल?
२. शाळेतली अशी एक जागा शोधा, जिचा उपयोग बदलला आहे. बदलताना काय राखले आणि काय गेले, त्याची दोन रकान्यांत नोंद करा.
३. तुमच्या गावातल्या एका रिकाम्या जुन्या इमारतीचा तळमजला सगळ्यांना वापरता येईल, असा आराखडा एका पानावर काढा.

आमचा वाडा

तिसरे काम मी स्वतः केले. वाड्याचा आराखडा आठवून काढला. माडीवरच्या दोन खोल्यांना बाहेरून जिना आहे. गावातल्या शाळेच्या शिक्षकांना भाड्याने जागा मिळत नाही आणि ते रोज एसटीने येजा करतात. त्यांना त्या खोल्या देता येतील. न्हाणीघर मागच्या पडवीत होईल, म्हणजे जुन्या भिंती फोडायला नकोत. (मिडलँड ग्रँडची चूक मी विसरलो नाही!) पुढची ओटी मात्र कोणाला द्यायची नाही. तिथे आजीच्या बचत गटाची बैठक होते, ती होत राहील.

हे सगळे पत्रात लिहून काकांना पाठवले. रविवारी त्यांचा फोन आला. मला वाटले, हसतील. ते म्हणाले, "भाड्याचं गणित तू जरा जास्तच सोपं केलं आहेस. आणि तुळया आतून किडल्या असतील तर तुझं लंडन काही कामाचं नाही. ते आधी ठोकून बघावं लागेल."

मी विचारले, "मग पाडायचं?"

"तसं कुठं म्हणालो? मे महिन्यात येशील तेव्हा मोजायची टेप घेऊन ये."